गरोदर मातेला भूल देण्यापूर्वी : श्वासमार्गाची तपासणी

आपल्या रुग्णालयात नाव नोंदविण्यासाठी आलेल्या गरोदर मातेला वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी या तपासण्यांची अपेक्षा असते. या सर्व झाल्यानंतर तिला आणखी एका खोलीत पाठविले जाते. तेथील भूलतज्ज्ञ तिला समोर ताठ बसवितात, तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढावयास सांगतात, मान मागे वाकवावयास लावतात, हनुवटीखाली बोटे टेकवून काहीतरी मोजतात आणि तिच्या कार्डावर दोन ओळी लिहून देतात. "पोट बघायचं सोडून डॉक्टर घसा कशाला बघतात?" असे सोबत आलेल्या आईने वा सासूबाईंनी विचारले नाही, असा आठवडा सहसा जात नाही.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तपासणीच्या गर्दीत उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून या वर्षीच्या अहवालात त्यासाठी ही पाने मागून घेतली आहेत.

सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी आज बहुतेक वेळा मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला जातो. माता जागी असते, स्वतःचा श्वास स्वतः घेते आणि बाळाचे पहिले रडणे ऐकते. शक्य असेल तेथे हीच पद्धत श्रेयस्कर होय. परंतु वार सुटून मोठा रक्तस्राव सुरू झालेला असेल, रक्तातील प्लेटलेट फार उतरल्या असतील, नाळ बाहेर येऊन बाळाचे ठोके मंदावत असतील, किंवा मणक्यातील भूल नीट लागलीच नसेल, तर पूर्ण भूल देण्यावाचून गत्यंतर नसते. पूर्ण भूल म्हणजे केवळ झोप नव्हे. औषधाने सर्व स्नायू शिथिल होतात, श्वास थांबतो आणि त्या क्षणापासून त्या मातेचा श्वास चालविणे हे भूलतज्ज्ञाचे काम होते. लॅरिंगोस्कोप नावाच्या, दिवा बसविलेल्या पात्याने जीभ बाजूस सारून स्वरतंतू पाहावयाचे आणि त्यांच्यामधून श्वासनलिकेत नळी सरकवावयाची. बहुसंख्य रुग्णांत हे काम एका मिनिटाच्या आत पार पडते. ज्या थोड्यांत पडत नाही, त्यांच्यासाठी ही सारी खटपट आहे.

सूज पायांवर दिसते, घशात दिसत नाही

गरोदरपणात शरीरात पाणी साठते हे घरोघरी ठाऊक असते, कारण पायांवर सूज दिसते, बांगड्या घट्ट होतात. तेच पाणी जिभेच्या, घशाच्या आणि स्वरयंत्राच्या अस्तरातही साठते, पण ते घरच्यांच्या दृष्टीस पडत नाही. या अस्तरातील रक्तवाहिन्या भरलेल्या असल्यामुळे उपकरणाच्या किरकोळ धक्क्यानेही रक्त येते आणि रक्त आले की पुढचे काहीच दिसेनासे होते. स्तन भारावलेले असल्याने लॅरिंगोस्कोपची मूठ छातीला अडते. गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलते, त्यामुळे श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा सुमारे २० टक्क्यांनी घटते. प्राणवायूची गरज मात्र साधारण तेवढीच वाढलेली असते. शिल्लक कमी आणि खर्च जास्त झाला की काय होते, हे घर चालविणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. श्वास थांबल्यावर रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीपर्यंत उतरण्यास इतर निरोगी स्त्रीला जितका वेळ लागतो, त्याच्या सुमारे निम्म्या वेळात गरोदर स्त्री तेथे पोहोचते. कळा चालू असतील वा स्थूलता असेल तर त्याहूनही लवकर. म्हणूनच भूल देण्याआधी तोंडावर मास्क ठेवून तिला काही मिनिटे शुद्ध प्राणवायू दिला जातो. मास्कने जीव घाबरतो, अशी तक्रार अनेक माता करतात. तो काढून टाकू नये, एवढी विनंती.

दुसरी अडचण पोटाची आहे. न्यूयॉर्कमधील डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली तेथील प्रसूती रुग्णालयातील १९३२ ते १९४५ या काळातील नोंदी प्रसिद्ध केल्या. ४४,०१६ प्रसूतींपैकी ६६ मातांच्या बाबतीत भुलीखाली पोटातील अन्न वा आम्लरस उलटून श्वासमार्गात गेला होता. त्यांतील दोघी घन अन्नाने गुदमरून दगावल्या. कळा सुरू झाल्यावर जठर रिकामे होण्याचे काम फार मंदावते, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे कळा सुरू झाल्या की सुनेच्या अंगात बळ यावे म्हणून प्रेमाने गरम दुधात तूप घालून देतात, शिरा भरवितात. त्या प्रेमाबद्दल शंका नाही. मात्र डॉक्टरांनी "शेवटचे काय आणि कधी खाल्ले?" असे विचारले असता रागावतील या भीतीने "काहीच नाही" असे उत्तर देणे घातक ठरते. पोट भरलेले आहे हे कळले तर आम्ही तशी तयारी करतो. कळलेच नाही तर ती अपुरी राहते.

या दोन्ही अडचणी एकत्र आल्या की काय होते, याचा एक बोलका हिशेब इंग्लंडमधील सॅमसून आणि यंग या भूलतज्ज्ञांनी १९८७ साली मांडला. त्यांच्या पाहणीत इतर शस्त्रक्रियांच्या १३,३८० रुग्णांपैकी सहा जणांना नळी घालता आली नव्हती. प्रसूती विभागातील १,९८० स्त्रियांपैकी मात्र सात जणींच्या बाबतीत तसे घडले, म्हणजे प्रमाण जवळपास आठपट. पुढे २०१५ साली अनेक देशांतील अहवालांचा आढावा घेण्यात आला, तेव्हाही पूर्ण भूल दिलेल्या सुमारे ३९० मातांमागे एकीला नळी घालता आली नाही, असेच दिसून आले. साधने सुधारली, तरी हा आकडा फारसा हललेला नाही. त्याचे एक कारण चमत्कारिक आहे. मणक्यातील भुलीमुळे पूर्ण भूल देण्याचे प्रसंग कमी झाले, हे मातांच्या हिताचेच झाले; पण त्यामुळे तरुण भूलतज्ज्ञांना गरोदर स्त्रीला नळी घालण्याचा सरावही कमी मिळू लागला. जो प्रसंग क्वचित येतो, तो येतो तेव्हा अवघड असतो आणि बहुधा रात्री असतो.

जीभ, हनुवटी आणि मान

घसा पाहण्याच्या या तपासणीला ज्यांचे नाव मिळाले ते डॉ. शेषगिरी राव मल्लमपाटी हे मूळचे आंध्र प्रदेशातील, आणि पुढे अमेरिकेत बोस्टन येथे भूलतज्ज्ञ होते. जीभ तोंडाच्या मानाने मोठी असेल तर ती पडजीभ झाकून टाकते आणि अशा रुग्णात स्वरतंतू दिसणे कठीण जाते, हे त्यांनी २१० रुग्णांची पाहणी करून १९८५ साली दाखवून दिले. त्यांनी तीन वर्ग केले होते; चौथा वर्ग वर उल्लेखिलेल्या सॅमसून आणि यंग यांनी जोडला. रुग्णाने बसून, आवाज न काढता, तोंड उघडून जीभ बाहेर काढावयाची. पडजीभ आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कमानी स्पष्ट दिसल्या तर पहिला वर्ग. कमानी झाकल्या जाऊन पडजिभेचा काही भाग दिसला तर दुसरा. केवळ तिचे मूळ दिसले तर तिसरा. आणि टाळूच्या कठीण भागाखेरीज काहीच दिसले नाही तर चौथा. वाचकांना हे आरशासमोर करून पाहण्याचा मोह होईल. जरूर पाहावे, परंतु तिसरा वर्ग आढळला म्हणून घाबरू नये. असा घसा असणारी कितीतरी माणसे असतात आणि त्यांतील बहुतेकांना नळी विनासायास घालता येते.

एकट्या जिभेवर निर्णय होत नाही. हनुवटीच्या टोकापासून कंठमण्याच्या वरच्या खाचेपर्यंतचे अंतर, मान मागे वाकवून, मोजले जाते. ही चाचणी १९८३ साली पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडल्यामुळे जगभर 'पाटील चाचणी' या नावाने ओळखली जाते. हे अंतर साडेसहा सेंटिमीटर वा अधिक असावे. सहाहून कमी भरले तर अडचण संभवते. तोंड रुग्णाच्या स्वतःच्या तीन बोटांइतके उघडते का, मान पुरेशी मागे जाते का, वरचे दात पुढे आहेत का, हनुवटी मागे दबलेली आहे का, मान आखूड आहे का, गळ्याला गाठ आहे का, हेही पाहिले जाते. दक्षिण आफ्रिकेतील रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली सिझेरियनच्या १,५०० मातांचा अभ्यास केला, तेव्हा चौथा वर्ग, पुढे आलेले दात, आखूड मान आणि मागे दबलेला जबडा ही चिन्हे एकाच स्त्रीत जितकी अधिक, तितकी अडचणीची शक्यता झपाट्याने वाढते, असे आढळले. एकेक चिन्ह क्षुल्लक असते, त्यांची बेरीज नसते.

आता मुख्य मुद्दा. ही तपासणी एकदा करून भागत नाही. गरोदरपणाच्या बाराव्या आणि अडतिसाव्या आठवड्यात त्याच स्त्रियांचे घसे पाहिले असता चौथ्या वर्गातील स्त्रियांचे प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढल्याचे १९९५ सालच्या एका अभ्यासात दिसले. पुढे २००८ साली बोस्टन येथेच डॉ. कोडाली आणि सहकाऱ्यांनी ६१ मातांचा घसा कळांच्या आरंभी आणि प्रसूतीनंतर असा दोनदा पाहिला. त्यांतील २० जणींचा वर्ग तेवढ्या काही तासांत एका पायरीने, तर तिघींचा दोन पायऱ्यांनी बिघडला होता. म्हणजे सकाळी जिची पडजीभ दिसत होती, तिची संध्याकाळी दिसेलच असे नाही. रक्तदाब वाढलेल्या आणि चेहरा सुजलेल्या मातेत तर हा बदल अधिक संभवतो. प्रसूतीगृहातून शस्त्रक्रियागृहात नेताना, घाईत असतानाही, आम्ही पुन्हा एकदा "ताई, आ करा" म्हणतो, ते यासाठी.

आपल्या भागातील काही गोष्टी

एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण आज वाहन उद्योगाचे केंद्र आहे. भोसरी, मोशी, महाळुंगे, तळेगाव या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ आणि परराज्यांतून आलेली तरुण जोडपी भाड्याच्या खोल्यांत राहतात. घरात वडीलधारी बाई नसते. पती पाळीत असतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे सातव्या महिन्यानंतर माता गावी जाते किंवा ऐनवेळी बेत बदलून येथेच राहते, आणि तिचे कागद एका गावी तर ती दुसऱ्या गावी असते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध झाली, हा मोठाच आधार. परंतु पाळी सुटण्याच्या वेळी पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेल्या गाडीत मिनिटे कशी जातात, हे येथील रहिवाशांना ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट मशेरीची आणि सुपारीची. मशेरी लावणाऱ्या आणि सुपारी, मावा वा गुटखा चघळणाऱ्या स्त्रिया आपल्या तपासणीत नित्य येतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सवय बंदीने सुटत नाही. सुपारीने गालांच्या आतील अस्तर हळूहळू कडक आणि पांढुरके होते, त्याचे पट्टे बनतात आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. तिखट लागले की आग होते, पाणीपुरी तोंडात मावत नाही, अशी तक्रार घेऊन कोणी डॉक्टरकडे जात नाही. भुलीच्या वेळी मात्र पाते आत शिरण्यापुरतीही जागा उरत नाही. पतीसमोर वा सासूसमोर या सवयीविषयी विचारले तर उत्तर नकारार्थी येते, असा अनुभव असल्याने आम्ही हा प्रश्न मातेला एकटीला विचारतो. नातेवाइकांनी त्यावेळी बाहेर थांबावे.

याशिवाय पूर्वीच्या शस्त्रक्रियेत नळी घालताना त्रास झाल्याचे कोणी सांगितले होते का, झोपेत मोठ्याने घोरणे वा श्वास अडकणे होते का, एखादा दात हलतो का, ही माहिती घरच्यांकडूनच मिळू शकते.

तपासणी चुकू शकते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डेन्मार्कमध्ये १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदींवरून २०१५ साली असे दिसले की, नळी घालणे कठीण गेलेल्या ३,३९१ रुग्णांपैकी ९३ टक्के जणांच्या बाबतीत ती अडचण आधी ओळखता आली नव्हती. मग तपासणी करावी तरी कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या मते या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. ज्यांच्यात अडचण दिसते त्यांच्यासाठी खास तयारी हवी, आणि ज्यांच्यात दिसत नाही त्यांच्यासाठीही साधने हाताशी हवीत. अ‍ॅबर्डीन येथील डॉ. टन्स्टॉल यांनी १९७६ साली 'नळी गेली नाही तर काय करावयाचे' याचा ठरीव क्रम मांडला. आपल्याकडे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ साली गरोदर मातांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. सार एकच : प्रयत्न मोजके करा, हट्ट धरू नका, मदतीला लवकर हाक मारा, आणि नळी गेली नाही तरी प्राणवायू जात राहील हे पाहा. "आई वाचवू की बाळ?" हा प्रश्न चित्रपटांतील डॉक्टर दाराबाहेर येऊन विचारतात. प्रत्यक्षात तो विचारला जात नाही. आधी मातेचा श्वास, हा क्रम ठरलेला असतो आणि बाळाचे हितही त्यातच असते.

विश्वस्तांनी आणि देणगीदारांनी शस्त्रक्रियागृहात एक लाल खणांची ट्रॉली पाहिली असेल. कॅमेरा बसविलेला लॅरिंगोस्कोप, निरनिराळ्या मापांच्या बारीक नळ्या, नळीला वाट दाखविणारी लवचीक काडी, घशात बसणारा लॅरिंजियल मास्क आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून गळ्यातून वाट काढण्याचे साहित्य तीत असते. या ट्रॉलीतील बरेचसे सामान वर्षभर वापरलेच जात नाही आणि मुदत संपली म्हणून बदलावे लागते. लेखापरीक्षणात ते वाया गेल्यासारखे दिसते.

एका रात्रीची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चाकणजवळ राहणारी पहिलटकरीण, आठवा महिना. पती रात्रपाळीला गेलेला, त्यामुळे शेजारच्या मावशी तिला घेऊन मध्यरात्रीनंतर आल्या. डोके असह्य दुखत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, रक्तदाब १८० वर १२० होता. तपासात प्लेटलेट ४२ हजार निघाल्या. मणक्यात सुई घातल्यास तेथे रक्त साकळण्याचा धोका, म्हणून तो मार्ग बंद झाला. बाळाचे ठोके मंदावू लागले होते. मावशींनी येताना प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिचे कार्ड आणले होते. सहाव्या महिन्यातील नोंद त्यावर होती : दुसरा वर्ग, तोंड अडीच बोटे उघडते, सुपारीची सवय. त्या रात्री आम्ही पुन्हा पाहिले, तर चौथा वर्ग. आवाजही घोगरा झाला होता, म्हणजे सूज स्वरयंत्रापर्यंत पोहोचली होती.

ती जुनी नोंद नसती तर सुजलेला चेहरा पाहून आम्ही सावध झालोच असतो, परंतु तोंड आधीपासूनच कमी उघडते हे त्या धावपळीत लक्षात येण्यास उशीर झाला असता. नोंद वाचताच निगडीहून दुसऱ्या भूलतज्ज्ञांना बोलावले. ते पोहोचेपर्यंत रक्तदाब उतरविण्याचे औषध चालू केले. पाठीखाली आणि डोक्याखाली घड्या घातलेली ब्लँकेटे ठेवून कानाचे छिद्र आणि छातीचे हाड एका पातळीत आणले. ती जागी असतानाच गळ्यावरील योग्य जागा बोटांनी चाचपून तेथे पेनाने खूण केली, कारण सर्व मार्ग खुंटले तर ती जागा शोधण्यास वेळ मिळत नाही. "डॉक्टर, गळ्यावर कशाची रेघ मारताय?" असे मावशींनी दारातून विचारले. खरे ते थोडक्यात सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त तिचा हात घट्ट धरून राहिल्या.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वरतंतूंचा मागचा थोडासाच भाग दिसला. लवचीक काडी आधी सरकविली, तिच्यावरून नेहमीपेक्षा बारीक, सहा क्रमांकाची नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. बाळ पावणेदोन किलोचे होते. नळी मात्र आम्ही लगेच काढली नाही. सूज असताना नळी काढणे घालण्याइतकेच जोखमीचे असते. दुसऱ्या दिवशी दुपारी, रक्तदाब आटोक्यात आल्यावर आणि नळीभोवतून हवा जाऊ लागल्यावर, ती काढली. गळ्यावरची खूण तोवर तशीच होती.

घरी सोडताना तिला एक पत्र दिले. कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने पूर्ण भूल दिली, घसा कोणत्या वर्गाचा होता, तोंड किती उघडत होते, काय दिसले, कोणते साधन आणि कितव्या मापाची नळी लागली, मास्कने श्वास देणे सोपे गेले की कठीण, हे सर्व मराठीत आणि इंग्रजीत त्यात लिहिले आहे. पुढचे बाळंतपण कदाचित तिच्या माहेरी, लातूरकडे होईल. तेथील भूलतज्ज्ञाला आम्ही भेटणार नाही, हे पत्र भेटेल. सुपारी बंद करण्यासाठी आणि तोंड उघडण्याचे व्यायाम शिकण्यासाठी तिला दंतविभागाकडेही पाठविले. दीड महिन्यांनी बाळाच्या लसीकरणासाठी दोघे आले, तेव्हा तिच्या पतीने ते पत्र लॅमिनेट करून आणलेले दाखविले. एक प्रत माहेरी पाठविली होती, एक त्याच्या खिशातील पाकिटात कंपनीच्या ओळखपत्रामागे होती. तपासले तेव्हा तिचे तोंड पुन्हा अडीच बोटे उघडत होते आणि घसा दुसऱ्या वर्गाचा होता.